विश्रामबागेतील फुटबॉल-तज्ज्ञ: एक नोंद

सांगलीच्या विश्रामबागेत ‘फॉर्म’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. पहिला कागदाचा. विलिंग्डन आणि वालचंद ही कॉलेजे, त्यांच्याभोवतीचे क्लासेस आणि झेरॉक्सची दुकाने यांच्यामुळे जून महिन्यात हा अर्थ इतका बळावतो, की ‘फॉर्म गेला’ असे कुणी हळहळून म्हटले तर ऐकणारा ‘शेवटची तारीख कधी होती?’ एवढेच विचारतो. दुसरा अर्थ खेळाडूचा. हा एरवी दिसत नाही; मोठी स्पर्धा तोंडावर आली की चहाच्या गाड्यावर उगवतो आणि पहिला सामना हरेपर्यंत टिकतो. ही नोंद दुसऱ्या अर्थाची आहे. काळ जानेवारी २०२४, निमित्त कतारमधील आशियाई चषक.

फुटबॉल-तज्ज्ञ हा मुळात कोल्हापूरचा प्राणी. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांशी लढतात, आणि पेठेतला प्रत्येक माणूस निदान चुलतभावामार्फत तरी खेळलेला असतो. सांगलीत ती सोय नाही. त्यामुळे सांगलीच्या तज्ज्ञाला सगळे काम मतांवरच भागवावे लागते. कोल्हापूरकराने ‘अनिकेत जाधव आमचा’ म्हटले, की २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत भारताकडून खेळल्याचे विश्रामबाग मान्य करते आणि लगेच विजय हजारे सांगलीत जन्मल्याचे सांगून विषय क्रिकेटवर नेते.

या तज्ज्ञांमध्ये प्रस्तुत लेखकाचे स्थान वरचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची पात्रता अशी: कॉलेजच्या संघात तो तीन वर्षे राखीव गोलकीपर होता. प्रत्यक्ष मैदानावर सात मिनिटे. त्या सात मिनिटांत दोन गोल झाले आणि ते दोन्ही ऑफसाइड होते, हे तो आजही कागदावर आकृती काढून सिद्ध करतो. गाड्यावरच्या नव्या मुलांना तो ‘आम्ही खेळायचो तेव्हा’ अशी सुरुवात करून बोलतो. किती वेळ, असे अजून कुणी विचारलेले नाही.

आता मूळ वादाकडे, म्हणजे भारतीय संघाच्या फॉर्मकडे. २०२३ साली भारताने मायदेशात तीन स्पर्धा जिंकल्या: मार्चमध्ये इंफाळची तिरंगी, जूनमध्ये भुवनेश्वरचा इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि जुलैमध्ये बंगळुरूत कुवेतला पेनल्टींवर हरवून सॅफ चषक. जुलैत संघ फिफाच्या क्रमवारीत पहिल्या शंभरांत, ९९ वा आला. त्या संध्याकाळी प्रस्तुत लेखकाने गाड्यावरच्या सगळ्यांचा चहा दिला. पुढे थायलंडात इराककडून पेनल्टींवर आणि लेबनॉनकडून एका गोलने हार झाली, मलेशियाने तर चार गोल घातले. नोव्हेंबरात संघ कुवेतमध्ये जाऊन जिंकला आणि पाचच दिवसांनी भुवनेश्वरात कतारकडून ०-३ ने हरला. एवढ्या माहितीतून आशावाद्यांना कुवेत दिसत होते, निराशावाद्यांना मलेशिया. दोन्ही पक्षांकडे आकडे होते, ते एकाच मोबाइलवर एकाच वेबसाइटवरून पाहिलेले होते, तरीही वाद पाऊण महिना पुरला. अन्वर अली, जीक्सन सिंग आणि आशिक हे तिघे दुखापतीने बाहेर गेल्यावर निराशावाद्यांचे पारडे जड झाले. मराठी आडनाव म्हणून राहुल भेके मात्र दोन्ही पक्षांना सारखाच प्रिय होता.

इथे कुस्तीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. (गाड्यावरची मंडळी म्हणतात, प्रस्तुत लेखकाचे कुस्तीवरचे दोन शब्द अडीच चहांचे असतात.) या जिल्ह्यात फॉर्म हा शब्द येण्याआधी ‘तयारी’ हा शब्द होता, आणि तयारी डोळ्यांना दिसत असे. पैलवानाची मान किती भरली, कान मोडून किती दिवस झाले, जोर मारताना पाठीवरून घाम कसा ओघळतो, खुराक अंगी लागला की नुसताच पोटी गेला, हे वस्ताद लांबूनच सांगत. तयारी नसलेल्या पोराला वस्ताद फडात उतरवत नसत. पंचांनी कितीही गळ घातली आणि इनामाची रक्कम वाढवली, तरी ‘औंदा न्हाई’ एवढ्या दोन शब्दांत विषय संपे. हलगी वाजायला लागल्यावर कुणी क्रमवारी विचारत नसे. कवठेपिरानचे मारुती माने १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत कुस्तीचे सुवर्णपदक घेऊन आले, तेव्हा त्यांच्या फॉर्मची चर्चा कुणी केली नव्हती. लोकांनी त्यांची तयारी पाहिली होती. आणि प्रस्तुत लेखक हे सगळे ज्यासाठी सांगत आला ते असे, की त्याच जकार्तात, त्याच खेळांत भारताच्या फुटबॉल संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्ण मिळवले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे गोल. एकाच गावी, एकाच पंधरवड्यात, लाल मातीचे आणि हिरवळीचे, दोन्ही सोने. हा योगायोग प्रस्तुत लेखकाने स्वतः शोधून काढला असून गेली काही वर्षे तो दर स्पर्धेआधी सांगतो. विषय कुठलाही असो.

विषयांतर संपले. संघ दोह्याला गेला ३० डिसेंबरला आणि पहिला सामना होता १३ जानेवारीला. प्रशिक्षक इगोर स्टिमाक मोठे शिबिर मागत होते, मिळाला एक पंधरवडा. गाड्यावर रोज येणारे एक निवृत्त पैलवान आहेत. त्यांना सगळे वस्तादच म्हणतात. फुटबॉलमधले त्यांना फारसे कळत नाही. पंधरवड्याचा हिशेब ऐकल्यावर त्यांनी बशीतला चहा संपवला आणि विचारले, “पंधरा दिसांत अंगाला काय लागतंय?” कुवेतवाले आणि मलेशियावाले दोघेही थोडा वेळ गप्प बसले. प्रस्तुत लेखकाने तेवढ्यात भडंगाच्या पुडीच्या कागदावर आपले भाकीत लिहून सही केली: भारत १, ऑस्ट्रेलिया १. ऑस्ट्रेलिया तेव्हा जगात २५ वी होती.

भोगीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, संध्याकाळी पाचला सामना सुरू झाला. बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलसमोर चौदा डोकी. मध्यंतराला ०-० होते. ती पंधरा मिनिटे प्रस्तुत लेखकाच्या आयुष्यातला सर्वोच्च काळ म्हणता येईल. त्याने कागद काढून सर्वांना दाखवला, संरक्षणाची रचना साखरेच्या चिमट्याने टेबलावर समजावली आणि चहाचे पैसे दुसऱ्याला देऊ दिले. पन्नासाव्या मिनिटाला बाजूने क्रॉस आला, आपला गोलकीपर गुरप्रीतने तो हातांनी ढकलला आणि चेंडू नेमका ऑस्ट्रेलियाच्या आयर्विनच्या पायाशी गेला. गोल. गाड्यावर गुरप्रीतचा उद्धार सुरू झाला: ‘चेंडू धरता येत न्हाई व्हय?’, ‘हातात लोणी हाय काय?’ चौदा जणांत गप्प होता तो एकटा प्रस्तुत लेखक. घोळक्यात क्रॉस येताना चेंडू किती मोठा दिसतो आणि हात किती आखूड होतात, हे त्या गाड्यावर फक्त त्यालाच ठाऊक होते. सात मिनिटांपुरते का होईना. पण ते सांगायचे तर दोन्ही गोल ऑफसाइड नव्हते हेही सांगावे लागले असते. पुढे आणखी एक गोल होऊन सामना ०-२ असा संपला.

उझबेकिस्तानशी ०-३. सीरियाशी ०-१, तोही शहात्तराव्या मिनिटाला. तीन सामने, सहा गोल खाल्लेले, एकही केलेला नाही. सीरियाच्या सामन्याला गाड्यावर पाच जण होते आणि मंगळवार असल्याचे कारण सर्वांनी मान्य केले. वस्ताद मात्र आले होते. त्यांनी सामनाभर सुनील छेत्रीकडे पाहिले. छेत्री तेव्हा ३९ वर्षांचा. देशासाठी ९३ गोल. त्या संघात दुसऱ्या कुणाचेही गोल दोन आकडी नव्हते. सामना संपल्यावर वस्ताद म्हणाले, “पोरगं दमलंय. पर तेच्या जागी सोडायला मागं कोन तयार केलाय?” हे त्यांनी कुणाला उद्देशून विचारले नव्हते, म्हणून कुणी उत्तर दिले नाही.

उरलेला तपशील थोडका आहे. फेब्रुवारीत संघ क्रमवारीत ११७ वा झाला. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतशी ०-० खेळून छेत्री निवृत्त झाला आणि पुढच्या मार्चमध्ये त्याला परत बोलवावे लागले. मालदीवविरुद्ध तो उतरला आणि त्याने गोलही केला. ही बातमी प्रस्तुत लेखकाने वस्तादांना मोठ्या आनंदाने सांगितली. त्यांनी “अजून तोच?” एवढेच विचारले. १४ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यात सिंगापूरने भारताला २-१ ने हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा दरवाजा बंद झाला. त्यामुळे त्या स्पर्धेआधी भारतीय संघाच्या फॉर्मवर विश्रामबागेत चर्चा होणार नाही.

भाकिताचा तो कागद प्रस्तुत लेखकाच्या पाकिटात आहे. तेलाने अक्षरे पुसट झाली आहेत. भारतापुढचा १ तेवढा अजून वाचता येतो.