दाराआड लपायची सोय नाही

लहान मुलांच्या वाढदिवसाचं बोलावणं चुकवण्याच्या शहरी युक्त्या बहुतेक दारावर चालतात. बेल वाजली की टीव्हीचा आवाज बारीक करायचा, पोराच्या तोंडावर हात ठेवायचा आणि पावलं जिना उतरेपर्यंत श्वास रोखायचा. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात ही विद्या कुचकामी. इथल्या जुन्या घरांना चौकट आहे, कवाड नाही. फार तर पडदा, नाहीतर रात्री कुत्रं शिरू नये म्हणून टेकवलेली फळी. राखणीला शनिदेव आहे, या भरवशावर गाव असंच राहत आलं. 2011 साली युको बँकेनं इथे शाखा उघडली, तीही बिनकुलपाची म्हणून गाजली. पोलीस ठाणं यायला 2015 उजाडलं.

चोरांचं झालं, यजमानांचं काय?

समजा, एक दुकानदार दुपारचे जरा लवंडलेत. पडदा हलतो. “दाजी, जागे का?” या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर देणं अजून कुणाला साधलेलं नाही. “शनिवारी आमच्या बारक्याचा वाढदिवस...” वाक्य पुरं व्हायच्या आत दाजींचा चेहरा उजळतो. शनिवारी गावात भाविकांची रीघ, त्यात अमावास्या आली तर बघायलाच नको. तेल, नारळ, रुईच्या माळा विकणाऱ्यानं गल्ला सोडून केक खायला कसं जावं? “अरेरे, शनिवारी दुकान सुटायचं नाही हो.”

“माहितीये ना! म्हणून तर कार्यक्रम रविवारी ठेवलाय. ताईंना अन् पोरांना घेऊन यायचं.”

पडदा पडतो आणि आतून ताई विचारतात, त्यांनी मागच्या खेपेला पाकिटात किती घातले होते?

खरं तर लांबच्या ओळखीचं बोलावणं असेल, तर तोंडावर ‘जमायचं नाही’ म्हणावं आणि पोराच्या हातावर दुसऱ्या दिवशी चॉकलेट ठेवावं. पोर रुसत नाही, त्याला फुगे पुरतात, रुसतात आईबाप. सरळ नकाराचा दाखला तर गावातच आहे. आख्यायिका सांगते की, भक्तांनी देऊळ बांधायचं काढलं, तेव्हा शनिदेवानं छप्पर नको म्हणून स्वप्नात स्पष्ट सांगितलं. साडेपाच फुटांच्या आसपासची ती काळी शिळा आजही उघड्या चौथऱ्यावर उभी आहे, आणि भक्त काही रुसलेले दिसत नाहीत. वैशाख अमावास्येला, शनिजयंतीला, तर लोक आमंत्रणाशिवाय येतात आणि रिटर्न गिफ्टचं नावही काढत नाहीत.

मामाला मात्र सुटका नाही. पुरात वाहून आलेली ही शिळा कुणाच्यानं हलेना. सख्ख्या मामा-भाच्यांनी हात लावला तेव्हाच उचलली गेली, असं त्याच आख्यायिकेत आहे. भाच्याच्या वाढदिवसाला दांडी मारायची कुठल्या तोंडानं? शिवाय सोनईहून केक आणायचा तोच. मोटारसायकलवर मागे भाचा, भाच्याच्या मांडीवर खोकं, डोक्यावर मे महिन्याचं ऊन आणि वाटेत गतिरोधक. घरी खोकं उघडलं, तर भाच्याचं निम्मं नाव झाकणाला चिकटलेलं.

“मामा, पुढच्या वर्षी दोन आणू,” भाचा म्हणतो, आणि झाकण चाटायला घेतो.