धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे

‘केजीएफ’च्या २०२२ साली प्रदर्शित झालेल्या दुसऱ्या भागात नायक पोलीस ठाण्याच्या पुढ्यात एक अजस्र मशीनगन मांडतो, समोरच्या इमारतीची व मोटारींची चाळण होईपर्यंत ती अव्याहत चालवतो, आणि नळी तापून इंगळासारखी लाल झाली की अत्यंत निर्विकार मुद्रेने तिच्यावरच आपली सिगारेट पेटवून घेतो. अशा प्रसंगी आपले दयाळू सरकार स्वस्थ बसत नाही. धूम्रपान आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा पडद्याच्या कोपऱ्यात झळकलाच पाहिजे, असा त्याचा हुकूम आहे. आणि तो २ ऑक्टोबर २०१२ पासून, म्हणजे गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, अमलात आला. नायकाच्या फुफ्फुसांविषयीची ही कळकळ पाहून मला गहिवरून आले.

कोकणातील माझ्या एका आप्ताने रानडुकरांपासून भात वाचवण्यासाठी एकनळी बंदूक बाळगली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये अर्ज, सातबारा, पोलीसपाटलाचा दाखला, चौकशी आणि मुदत संपली की पुन्हा नूतनीकरण, अशा पायऱ्या झिजवून तो म्हातारा झाला. त्यातच निवडणूक जाहीर होताच बंदूक ठाण्यात जमा करण्याची तंबी त्याला मिळते. (रानडुकरे आचारसंहिता पाळत नाहीत, ही त्यांची बेअदबी.) पडद्यावरच्या नायकाला मात्र ‘घोडा’ हवा झाला की तो जेवणाच्या डब्यातून, देव्हाऱ्यामागून वा मित्राच्या कमरेतून हजर होतो; आणि सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून पंधरावी गोळी सुटली तरी काडतुसांचा हिशेब मागणारा कारकून कोठेही दृष्टीस पडत नाही.

पंजाबात गाण्यांनी तर चित्रपटांवरही कडी केली. मे २०२० मध्ये एके-४७ चालवतानाच्या चित्रफितीवरून गायक सिद्धू मूसेवाला यांच्यावर गुन्हा नोंदला गेला व पुढे शस्त्र अधिनियमाची कलमेही लागली. त्यांनी त्या कलमांचीच मिरवणूक काढून, याच अधिनियमाखाली शिक्षा झालेल्या अभिनेता संजय दत्तशी नाते सांगणारे ‘संजू’ हे गाणे रचले. तेव्हा त्या गाण्याबद्दल आणखी एक गुन्हा दाखल झाला. खटल्यातून गाणे आणि गाण्यातून खटला, असा हा बीजांकुरन्याय. २९ मे २०२२ रोजी मूसेवालांची गोळ्या घालून हत्या झाली (येथे थट्टा थांबवणे भाग आहे), आणि नोव्हेंबरात पंजाब सरकारने शस्त्रांचे गोडवे गाणाऱ्या गीतांवर बंदी घातली. त्याच वेळी, आजवर दिलेले परवाने तपासण्याचेही सरकारला स्मरण झाले.

बंदीचा मी पुरस्कर्ता नाही; चित्रपट परीक्षण मंडळाकडे माझा एवढाच विनम्र अर्ज आहे, की सिगारेट ज्या नळीवर पेटते त्या नळीविषयीही एखादी ओळ मंजूर व्हावी. जागेची अडचण नाही. पडद्याला कोपरे चार आहेत, आणि तंबाखूने त्यांतला एकच अडवला आहे.