भिंतीत गाडलेल्या केबलबद्दल, दुकानदारास

दुकानदार महाशय,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ने करायची असते. माझा हात तिथेच अडला.

मुलुंडच्या आमच्या घरात, ताज्या रंगाच्या भिंतीआड, तुम्ही विकलेली १५ मीटरची एचडीएमआय केबल गाडलेली आहे. हॉलमधल्या सेट टॉप बॉक्सपासून आईच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत सरळ अंतर जेमतेम ८ मीटर. पण भिंत चढून, फॉल्स सीलिंगवरून वळून पुन्हा उतरायचं, म्हणून १५. ‘फोर-के चालेल ना?’ मी दोनदा विचारलं. ‘बिनधास्त लावा, सोन्याचा मुलामा आहे. पाइपही नको, थेट प्लास्टरमध्ये टाका.’

अहो, सोन्यामुळे टोकं गंजत नाहीत, एवढंच! आतल्या तांब्यात सिग्नल किती लांब टिकतो, याच्याशी त्या मुलाम्याचा काय संबंध? सेकंदाला ६० फ्रेम्सचं पूर्ण फोर-के चित्र न्यायला एचडीएमआय २.० ची सेकंदाला १८ गिगाबिटची जवळजवळ सगळी क्षमता लागते. इतक्या वेगाचा सिग्नल तांब्यात झपाट्याने क्षीण होतो; साध्या केबलचा पाच-सात मीटरपुढे भरवसा नाही. फुल एचडीला याचा चौथा हिस्सा पुरतो. दुकानात तुम्ही तेच चालवून दाखवलंत, तेही दीड मीटरच्या तुकड्यावर.

अँटेनाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या तरी बातम्या देणाऱ्याचा चेहरा ओळखू यायचा. इथे आधी पांढरे ठिपके लुकलुकतात, मग पडदा काळाठिक्कर. मोतीबिंदू काढलेला डोळाच पुन्हा बिघडला, असं समजून आई चार दिवस कुणाला काही बोलली नाही. केबलच्या पैशांचं मी विसरेन, हे नाही विसरणार.

तुम्ही सांगायला हवं होतं ते दोन-चार वाक्यांत मावलं असतं. इतक्या अंतराला ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल घ्या, तिचं ‘सोर्स’ लिहिलेलं टोक बॉक्सला आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेलं टीव्हीलाच लावा, उलट लावली तर चित्र येत नाही. नाहीतर कॅट-६ वायर टाका आणि दोन्ही टोकांना एक्स्टेंडर बसवा, पण तो फोर-के किती मीटर नेतो ते आधी बघून घ्या. आणि काहीही टाकलं तरी प्लगचं डोकं आरामात जाईल असा पाइप हवाच, आत ओढदोरीसकट. म्हणजे केबल बदलताना भिंतीला हात लागत नाही.

उद्या बोरिवलीचं किंवा घाटकोपरचं गिऱ्हाईक आलं तर आधी अंतर विचारा, वळणांसकट. आणि तुम्ही विचारलं नाहीत, तर त्या गिऱ्हाइकाला माझी विनंती: प्लास्टर करण्याआधी ती अख्खी केबल जमिनीवर पसरा, आपलाच बॉक्स आणि आपलाच टीव्ही जोडून तासभर चित्र बघा.

आमच्याकडे सोमवारी भिंत फोडायला माणूस येतोय.