पगार आम्सटरडॅमचा, मुक्काम चियांग मायचा

भोकरमध्ये मुलाची चौकशी एका दमात उरकते: लेकरू कोणाचं, असतो कुठं, मिळतं किती. माझ्या पुतण्यानं ही पद्धतच मोडीत काढली. तो राहतो थायलंडमधल्या चियांग मायला, मालक बसतो आम्सटरडॅमला आणि मुलीचे बाप भेटतात नांदेडला. ‘म्हणजे नोकरी नेमकी कुठं हाय?’ या प्रश्नावर स्थळं परत जायला लागली, तेव्हा दादानं मला प्रत्यक्ष बघून यायला धाडलं.

भिवंडीकडून येणारा 61 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग भोकर ओलांडून भैंसा, निर्मलकडं जातो. आमच्याकडची पोरं या रस्त्यानं आजवर मुंबईच्या अंगाला गेली. मी उलट्या तोंडानं निघालो. भैंशाला चहा, निर्मलपासून हैदराबादचा मोठा रस्ता, मग शमशाबादचं विमानतळ. पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. विमानात शेजारच्या तरुणानं विचारलं, “फिरायला का?” म्हटलं, “नाही, तपासणीला.”

चियांग मायचं जुनं गाव चौकोनी, चारी बाजूंनी खंदक. पुतण्या मला निम्मान भागात कॉफीच्या दुकानात घेऊन गेला. आत तीस-चाळीस गोरी पोरं लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसलेली. बारावीचा पेपर चालू असावा तशी शांतता. मी चपला हातात घेतल्या.

“हे सगळे तुझ्यासारखेच?”

“समदे. पण काही जण पर्यटक म्हणून आले आणि गुपचूप काम करालेत. माझं कागदावर हाय.”

कागद म्हणजे थायलंडचा डीटीव्ही व्हिसा. एस्टोनियानं 2020 साली परक्या मालकाचं काम आपल्या देशात बसून करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढला. पोर्तुगाल, मलेशिया, स्पेन मागोमाग आले. थायलंडनं जुलै 2024 मध्ये दार उघडलं. मुदत पाच वर्षं, एका प्रवेशावर 180 दिवस. वय किमान वीस, खात्यात पाच लाख बाथ दाखवायचे. मालकाचं पत्र लागतं, आणि तो मालक थायलंडबाहेरचा पाहिजे. इथल्या दुकानदाराचं काम केलं तर वर्क परमिट वेगळं.

“काका, पगार कोण देतो हे कायदा मागून विचारतो. आधी विचारतो, काम करताना बूड कुठं टेकवलंस.”

आणि काम म्हणजे तरी काय? थायलंडच्या 2008 च्या कायद्यात व्याख्या होती: मोबदला मिळो न मिळो, शक्ती किंवा ज्ञान खर्चून केलं ते काम. पुढं ती बदलली म्हणतात. बरं झालं. नाहीतर भोकरच्या टपरीवर फुकट सल्ला देणारी आमची अर्धी मंडळी परदेशात पाऊल ठेवताच आत गेली असती.

तसं आम्हा मराठवाड्यातल्यांना राहण्याचे असले नियम नवे नाहीत. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. नाणं हाली, इंग्रजांचा रुपया कलदार, आणि सरकारी नोकरीला ‘मुल्की’ असावं लागे. बाहेरून आलेल्यानं पंधरा वर्षं राहून दाखवायचं. त्यापुढं 180 दिवस म्हणजे आला पाहुणा, गेला पाहुणा.

त्या दिवसांचा हिशेब मात्र पोरगा जपतो. एका वर्षात इथं 180 दिवस भरले की थायलंड करापुरतं आपलं म्हणतो, आणि 2024 पासून बाहेरची कमाई देशात आणली तर तिच्यावरही हात ठेवतो. भारतात 182 दिवस राहिलं की इकडचं आयकर खातं आपलं म्हणतं. त्यात इथलं वर्ष जानेवारीला सुरू, आपलं एप्रिलला. भिंतीवर दोन कॅलेंडरं, दोन्हींवर रेघोट्या. माझ्या मुक्कामाची वर्दीसुद्धा घरमालकिणीनं 24 तासांत इमिग्रेशनला दिली. पुतण्याला सलग 90 दिवस झाले की पत्ता कळवावा लागतो. आमच्या पोलीस पाटलानं पाहुण्यांची एवढी आस्था कधी दाखवली नाही.

हिवाळ्यात हॉलंडचे सकाळचे नऊ म्हणजे इथले दुपारचे तीन. पोरगा वरणभात खाऊन मालकाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो आणि रात्री अकराला सुटतो. मुलीच्या बापाला हे कसं सांगायचं, याचा विचार करत होतो, तेवढ्यात भोकरच्या मोंढ्यातून आडत्याचा फोन आला. सोयाबीन.

“काका, तुमी पर्यटक हाव!” पुतण्या दबक्या आवाजात ओरडला. “धंद्याचं बोलू नका!”

मी गच्चीवर गेलो. ओलावा किती, भाव किती, अजून शंभर चढवा, सगळं कुजबुजून.

“आवाज का लांबून येलाय? कुठून बोलालाव?”

“घरूनच.”

“मग या की मोंढ्यात. असं फोनवर काय जमंना.”

मागं पुतण्या उभा. म्हणाला, “आमच्या मालकालाबी आता तेच पायजे. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात.”