पाट गेला गाडीखाली

अहो, ऐकलंत का? या, जरा कुंपणाशी या, शेजारच्या खिडकीत आवाज जातो. वरच्या आळीतल्या वहिनींचा सत्यनारायणाचा पाट काल कुठे सापडला, ठाऊक आहे? गाडीखाली! जॅकच्या बुडाशी!

टोकावड्याहून येताना त्यांच्या धाकट्याच्या गाडीचा सायलेन्सर लोंबायला लागला. मुरबाडला गॅरेजात कोण जाणार! "मीच बांधतो तारेनं, मोबाइलवर बघितलंय," म्हणाला. अंगणात हा चिखल, जॅक रुतायला लागला, तर पठ्ठ्यानं देवघरातून पाट उचलला आणि... वहिनी दूध तापवत होत्या, त्यांना पत्ताच नाही. पाटाला खालून दोन पट्ट्या, मधे पोकळ, वर आठ-नऊशे किलोंचं धूड. कट्‌कन तडकला, जॅक कलंडला, गाडी धप्पकन खाली! नशीब, हा अजून खाली शिरला नव्हता. चेहरा ओल्या पापडासारखा झाला हो.

तेवढ्यात शेजारचे भाऊजी सिमेंटचे ब्लॉक घेऊन हजर, बाथरूमचं काम चाललंय ना त्यांचं. काय बाई ते बाथरूम, गणपतीपासून... असो. तर काय सांगत होते, धाकट्याचे आजोबा! ओटीवरून उठून आले. म्हशाच्या जत्रेला बैलगाडी नेलेला माणूस. म्हणाले, "बैल सोडायच्या आधी गाडीला शिपाई लावतात. तुझा शिपाई कुठाय?" धाकट्या सुनेला वाटलं, पोलीस बोलावताहेत! अहो, शिपाई म्हणजे टेकू! मला हसू आवरेना.

ब्लॉक आजोबांनी आल्या पावली परत धाडले. "हे सांगून फुटत नाहीत. लाकूड निदान आधी कुरकुरतं." भाऊजींचं तोंड एवढंसं झालं.

धाकटा निघाला वखारीत कार्ड घासायला. पण आजोबांनी गोठ्यामागून जुन्या घराच्या तुळईचे तुकडे काढायला लावले, हातभर लांब, चांगले जाड. गाडी ढकलून फरशीवर घेतली. हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. जॅकनं एकेक बाजू उचलायची नि तुकडे रचायचे, दोन आडवे, त्यांवर दोन उभे, दोन्हीकडे सारखे. "जॅक उचलायला, शिपाई पेलायला," आजोबा म्हणाले. वर स्टेपनीही सरकवली कडेखाली. मग सगळ्यांनी गाडी गदागदा हलवून पाहिली. हलली नाही, तेव्हा कुठे पोरगा खाली गेला. दहा मिनिटांत तार बांधून बाहेर!

वहिनी मात्र कालपासून बोलत नाहीत त्याच्याशी. पाटाला आतून खिळे मारलेत, वर लाल कापड घालणार आहेत. रविवारी पूजा आहे, प्रसादाला जाल ना? डावीकडचा कोपरा बघा हं जरा. ग्रीसचा डाग काही गेला नाही म्हणे...