नर्सिंग चार्जेस

पगार विचारणं हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जात नाही. पुण्याहून गाडी सुटली की दौंड यायच्या आत समोरच्याचं गाव, आडनाव आणि पगार कळलेला असतो. पगार राहिलाच, तर तो दौंडच्या चहाबरोबर कळतो. फक्त विचारायची मापं निराळी. आयटीतल्या पोराचा पगार कुणी महिन्याचा विचारत नाही. त्याचं पॅकेज विचारतात, वर्षाचं आणि लाखांत. डॉक्टरांना विचारायची छाती होत नाही. सीएला विचारलं तर तो नुसता हसतो. नुकत्याच पास झालेल्या नर्सला मात्र महिन्याचाच विचारायचा, हजारांत, आणि विचारण्याआधीच चेहऱ्यावर थोडी सहानुभूती आणून ठेवायची, म्हणजे उत्तर आल्यावर धावपळ होत नाही.

माझं पित्ताशय काढलं तेव्हा मीही विचारलं. दंडावर बीपीचा पट्टा आवळलेला होता. सिस्टर म्हणाली, "काका, बोलू नका, रीडिंग चुकतं." मग तिने आकडा कागदावर उतरवला, पट्टा सोडला आणि बाहेर जाताजाता म्हणाली, "सतरा." हजार हा शब्द तिने माझ्यावर सोडला.

मुलगी लातूरकडची. बारावीनंतर तीन वर्षांचं जीएनएम, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग ही पहिलीच नोकरी. ड्युटी आठ ते आठ, कधी दिवसाची, कधी रात्रीची. राहायला हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, कॉट बेसिसवर. एका खोलीत चार कॉट आणि चौघींच्या ड्युट्या वेगवेगळ्या, त्यामुळे खोलीत कायम कुणीतरी झोपलेलं असतं आणि दिवा लावायची सोय नाही. दिवा घेऊन फिरणाऱ्या बाईचा वारसा सांगणाऱ्या मुली खोलीत मात्र मोबाइलच्या उजेडात चपला शोधतात.

माझा जन्म बँकेत गेला. सतरा हजार म्हटलं की माझ्या डोक्यात आपोआप दोन रकाने पडतात. सतरा हा ग्रॉस. त्यात बेसिक बारा हजार धरला तर प्रॉव्हिडंट फंडाचे १,४४० गेले. ईएसआयचा पाऊण टक्का, म्हणजे १२८. राहिले साधारण १५,४३२. व्यवसाय कराचा रकाना कोरा, कारण महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ केला आहे. सवलत चांगलीच आहे. ती सरकारने कुणाला डोळ्यांसमोर ठेवून दिली ते ठाऊक नाही, पण खासगी हॉस्पिटलांनी नव्या नर्सना त्या सवलतीच्या छत्राबाहेर पाऊल टाकू दिलेलं नाही.

ईएसआयच्या त्या १२८ रुपयांवर मी जास्त वेळ रेंगाळलो. कामगार राज्य विम्याची वेतनमर्यादा २१,००० रुपये. म्हणजे मला संगमरवरी लॉबीतून वर नेऊन, लेमन टी देऊन जिथे बरं केलं, तिथे मला बरं करणारी मुलगी स्वतः आजारी पडली तर कार्ड घेऊन बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलात रांगेत उभी राहणार. मी तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तिथे डॉक्टर चांगले आहेत काका. आणि तिथल्या सिस्टरना पगार पण आहे." तो आहेच. केंद्राच्या संस्थांत नर्सची सुरुवात सातव्या आयोगाप्रमाणे ४४,९०० रुपये मूळ वेतनावर होते, एम्समध्येही तेच. आपल्या राज्य सरकारात तिला अधिपरिचारिका म्हणतात आणि तिची सुरुवात ३५,४०० वर होते. वर महागाई भत्ता, घरभाडं. पदनाम उच्चारायला जितकं जड, तितका पगारही वजनदार. नुसत्या 'सिस्टर'ला निम्म्यातच भागवावं लागतं.

डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आलं. बँकवाला बिल शेवटच्या आकड्यापासून नाही, पहिल्या ओळीपासून वाचतो. तिथे एक ओळ होती, 'नर्सिंग चार्जेस', रोजचे ८००. माझी खोली दोघांत एक होती. दरपत्रक काउंटरवरच लावलेलं होतं, ते पाहिलं. जनरल वॉर्डला ५००, डीलक्सला १,२००. सिस्टर तीच, सुई तीच, "दुखणार नाही हं काका" हे वाक्यही तेच. पण खिडकीतून टेकडी दिसत असेल तर सुईचा भाव वाढतो. मी तिथेच उभ्याउभ्या हिशेब मांडला. नर्सिंग कौन्सिलच्या मापाने साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. आमच्या मजल्यावर एकीच्या वाट्याला सहाजण होते. सहा पेशंटांचे रोजचे ४,८००. दोन पाळ्या, म्हणजे एका पाळीचे २,४००. महिन्याच्या सव्वीस पाळ्यांचे ६२,४००. त्यातले तिला सतरा.

काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "काका, त्यात कापूस, ग्लोव्हज, सिरिंज हे सगळं असतं ना." मी त्याला त्याच बिलाची चौथी, पाचवी आणि सहावी ओळ दाखवली. तिथे कापूस, ग्लोव्हज आणि सिरिंज स्वतंत्र बसले होते. मग तो म्हणाला, ट्रेनिंग असतं, मेट्रन असतात, रात्रीचं जेवण असतं, सुट्टीवर गेलेल्यांच्या जागी माणूस द्यावा लागतो. हे सगळं खरं आहे आणि हिशेबात धरायला हवं. मीही धरलं, आणि तरी बरेच उरले. शेवटी त्याने ज्या वाक्याने आपल्या देशातले सगळे वैद्यकीय वाद मिटतात ते काढलं. "काका, तुमचा इन्शुरन्स आहे ना?"

होता. मी सही केली.

नर्सच्या पगाराचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर २०१६ च्या जानेवारीत न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने जो तोडगा काढला त्याचं मला बँकेतला माणूस म्हणून कौतुक वाटतं. तिने पगार खाटांवर मोजला. दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सएवढा पगार. शंभरावर असतील तर फार तर १० टक्के कमी. पन्नास ते शंभर असतील तर फार तर २५ टक्के कमी. पन्नासच्या आत असतील तर निदान २०,०००. नुसतं मूळ वेतन धरलं तरी आपल्याकडे मोठ्या हॉस्पिटलात ही मुलगी ३५,४०० वर बसायला हवी. शिफारशी राज्यांकडे गेल्या. त्यांचा कायदा करायचं काम राज्यांचं, आणि राज्यांना कामं फार. केरळात नर्सनी संप केले, शेवटी चेर्थल्याहून तिरुवनंतपुरमपर्यंत पायी निघायचं ठरवलं, तेव्हा २०१८ च्या एप्रिलमध्ये मोर्चाच्या आदल्या दिवशी सरकारने किमान २०,००० ची अधिसूचना काढली. चालणाऱ्यांत बहुतेक नर्सच असणार होत्या, त्यामुळे वाटेत कुणाला चक्कर आली असती तरी काळजी नव्हती.

आम्हीही संप केले. पण आमचं सोपं होतं. आम्ही काउंटर बंद केला की लोक शिव्या देत घरी जायचे आणि पैसे बँकेतच राहायचे. नर्सने काउंटर बंद केला तर पलीकडचा माणूस राहील की नाही ते सांगता येत नाही, आणि हे तिला जितकं कळतं तितकंच मालकालाही कळतं. वाटाघाटीला बसताना ज्याचं काळीज मऊ त्याची बाजू लंगडी, आणि या मुलींना तर मऊ काळजाबद्दल वर्षातून एकदा गुलाबाचं फूल मिळतं. बारा मेला, केकबरोबर.

बारा मे हा फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचा वाढदिवस, जन्म १८२०. पहिल्या वर्षाच्या मुली पांढऱ्या कपड्यांत मेणबत्त्या धरून त्यांच्या नावाची शपथ घेतात. ती शपथ बाईंनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये ती रचली गेली. तिच्यात शुद्ध आचरण आहे, निष्ठा आहे, गुप्तता आहे, पगार नाही. बाईंचंही तसंच. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या रुग्णालयाचा कारभार त्यांनी बिनपगारी घेतला, कारण वडिलांनी वर्षाला ५०० पौंड लावून दिले होते. दिवा बाईंचा, तेल वडिलांचं. पण बाई हिशेबाला पक्क्या होत्या. १८६० साली त्यांच्या निधीतून निघालेल्या शाळेत शिकाऊ मुलींना राहणं, जेवण, गणवेश आणि वर वर्षाला १० पौंड मिळत. आपल्याकडच्या खासगी कॉलेजांनी बाईंचा फोटो घेतला आणि पैशांची दिशा तेवढी उलटी केली.

आता फ्रेशर या प्रकाराविषयी. नव्या नर्सला पगार कमी, कारण तिला अनुभव नाही. अनुभव आला की ती थांबत नाही, कारण पगार कमी. आमच्या मजल्यावरच्या इन्चार्ज सिस्टर मूळच्या कोट्टायमच्या, तीस वर्षं पुण्यात, मराठी माझ्याहून ठसठशीत. त्या म्हणाल्या, "मी शिकवते सलाइन लावायला. शीर सापडायला लागली की मुलगी दुबईला." मग उसासा टाकून म्हणाल्या, "माझी बहीण पण तिथेच आहे." हॉस्पिटलांना यात तोटा दिसत नाही. एक गेली की लातूर, नांदेड, यवतमाळकडून दुसरी येतेच, पुन्हा सतरावर. तोटा पेशंटाचा. त्याच्या हातावर दरवर्षी नवी मुलगी शीर शोधायला शिकते.

हल्ली दुबईच्या जोडीला जर्मनी आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, त्यात नर्सही आहेत. आमची लातूरची सिस्टरही क्लासला जाते. औषधांच्या ट्रॉलीवर, टीपीआर चार्टच्या खाली, तिची जर्मनची वही असते. रात्री दोनला मला जाग आली तेव्हा ती कुजबुजत नामांची लिंगं पाठ करत होती. मराठी माणसाला तीन लिंगांची सवय असते, म्हणून मी धीर दिला. ती म्हणाली, "पण काका, तिकडे मुलगी नपुंसकलिंगी आहे." मी म्हटलं, आपल्याकडेही लेकरू तसंच असतं की. तिला पटलं आणि तिने माझं सलाइन बदललं.

इंग्लंडला गेलेल्यांचा आकडा ती तोंडपाठ सांगते. तिथे नव्या नर्सची सुरुवात २०२५-२६ साली वर्षाला ३१,०४९ पौंडांवर होती. मी लगेच रुपये केले, सगळेच करतात, आणि तिथलं घरभाडं वजा करायला विसरलो, तेही सगळेच विसरतात. तिथल्या नर्सही काही सुखाने नांदत नाहीत. १९१६ साली स्थापन झालेली त्यांची रॉयल कॉलेज ही संघटना डिसेंबर २०२२ मध्ये पगारासाठी देशव्यापी संपावर गेली, १०६ वर्षांत पहिल्यांदाच. हे मी सिस्टरला सांगितलं. "संप करायला तरी पगार लागतो," ती म्हणाली. "आम्ही केला तर मेसवाल्याला काय सांगायचं?"

रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं, तेव्हा पेठांतून जे प्रश्न निघाले त्यांत पगाराचा प्रश्न नव्हता. चांगल्या घरच्या बाईने परक्या पुरुषाची नाडी धरावी की नाही, एवढाच होता. तो प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही, पण त्याला आता भाव जोडला गेला आहे. आमच्या शेजारच्या वहिनी वधूवर सूचक मंडळ चालवतात. त्यांच्याकडे फॉर्ममध्ये 'मासिक उत्पन्न' असा रकाना आहे. वहिनी सांगतात, त्या रकान्यात सतरा हजार आणि पेशा नर्स असेल तर मुलाची आई म्हणते, "मुलगी चांगली आहे हो, पण नाइट असते ना." तीच मुलगी सरकारी भरतीत लागली की तीच आई म्हणते, "नाइटचं काय, आमच्याकडे सगळे उशिरापर्यंत जागेच असतात." आणि मुलीने जर्मनची बी-टू परीक्षा काढली की आई काहीच म्हणत नाही, मुलगा स्वतः फोन करतो. परवा असाच एकजण मंडळात येऊन गेला. दहा लाखांचं पॅकेज, हिंजवडीत, स्वतःची गाडी. अपेक्षांच्या रकान्यात त्याने 'नर्स चालेल' असं लिहिलं होतं आणि छंदांच्या रकान्यात, ट्रेकिंग खोडून, 'जर्मन, सध्या ए-वन.'