निष्पर्ण फुलोऱ्याची कैफियत

(स्थळ : मानपुर. माळव्याचे पठार संपून आग्रा-मुंबई रस्ता जेथे निमाडाकडे उतरू लागतो, तेथले एक परस. काळ : चैत्रातील सकाळ. होळकरशाहीतले निवृत्त अमीन हातात झारी घेऊन उभे. कुंपणापलीकडून वैद्य डोकावतात.)

वैद्य : अमीनसाहेब, ही काठी कशासाठी रोवलीत?

अमीन : काठी नव्हे, वैद्यबुवा, फुलोरा! घाटाच्या उतारावरून आणवलेला रानकांदा. खाली माना घातलेल्या या मळकट पांढऱ्या घंटा पाहा, पाकळ्यांच्या मधोमध हिरवट-तपकिरी रेघा आहेत. परंतु ज्याने प्रथम पाने रुजू करावीत आणि तदनंतर यथाक्रम पुष्पाचा प्रस्ताव मांडावा, त्याने एकही पान दाखल न करता ऐन उन्हाळ्यात परस्पर फुलांचा हुकूम काढावा, ही कोणत्या दफ्तरातली वहिवाट?

वैद्य : पाने गेल्या पावसाळ्यात येऊन गेली. त्यांनी जे कमावले ते कंदाच्या खजिन्यात जमा झाले, आणि पाने वाळून बरखास्त झाल्यावर त्याच शिलकेतून हा खर्च चालला आहे. आपले पेन्शन दुसरे काय आहे?

अमीन : म्हणजे हाही पेन्शनर! मग बदल्याही झाल्या असतील.

वैद्य : झाल्या तर! वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गसाहेबाने याची नेमणूक ‘सिला’ वंशात केली, कुंथ नावाच्या जर्मन पंडिताने १८४३ साली ‘अर्जिनिया’त बदली केली, आणि आता तो ‘ड्रिमिया’त आहे. कंद मात्र जागचा तसूभर हलला नाही.

अमीन : भाग्यवान! माझे तर प्रत्येक बदलीत फडताळ मोडले.

वैद्य : आधी ती झारी खाली ठेवा. मुरमाड उतारावरचा जीव हा. काळ्या मातीत पाणी मुरले की कंद कुजलाच म्हणून समजा. पाऊस पडेपर्यंत याला थेंब दाखवू नका.

अमीन : म्हणजे मी काहीच करावयाचे नाही? प्रकरण नुसते पडू द्यायचे?

वैद्य : आपल्या अमदानीत पुष्कळ प्रकरणे पडून होती, पण फूल एकालाही आले नाही, हे मात्र मान्य.

अमीन : (विषय बदलून) काल आमच्या मंडळींनी यातलाच एक कंद पिठल्यासाठी चिरावयास घेतला होता.

वैद्य : (दचकून) आणि?

अमीन : हाताला खाज सुटली, म्हणून फेकून दिला.

वैद्य : वाचलात! हॉलंडात एका खलाशाने ट्यूलिपचा मोलाचा कंद कांदा समजून खाल्ला, अशी आख्यायिका आहे. तेथे मालक बुडाला, येथे खाणारा बुडता. आधी वांत्या, मग हृदयाची गती बिघडते. कफावर हा योजतात, ब्रिटिश फार्माकोपियातही याला जागा मिळाली होती. परंतु मात्रा वैद्याने ठरवावी, चुलीने नव्हे.

अमीन : मग आजच पाटी लावतो : ‘सदरहू जिन्नस कांदा नव्हे, सबब कोणीही भक्षण करू नये.’

वैद्य : अवश्य. आणि ती भरलेली झारी इकडे द्या. माझी कोथिंबीर सुकते आहे.

अमीन : देतो. पोचपावती लिहून द्याल ना?